जयपुरात चांदीची अंगठी स्वतः घडवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात चार दिवस जयपूर, सोबत पंधरा वर्षांची मुलगी. चांदीचे दागिने करायला शिकवणाऱ्या दोन कार्यशाळा सापडल्या आहेत. एक तीन तासांची, दुसरी दोन दिवसांची आणि अर्थातच बरीच महाग. कुठली घ्यावी? तीन तासांत खरंच काही होतं, की पर्यटकांना गुंडाळायचा प्रकार आहे? खडे तिथंच स्वस्तात मिळतील का? आणि सासूबाईंनी दिलेला एक पाचू पुडीत पडून आहे, तो आपल्याच हातानं अंगठीत बसवता येईल का?

पाचूचं आधी सांगतो, कारण बॅग भरायच्या आत ते ठरायला हवं. तो घरीच ठेवा. का, ते पुढं येईलच.

मी मूळचा हुपरीचा. घरात पैंजणांचं काम, त्यामुळं शेगडी आणि फुंकणी कळायला लागल्यापासून समोर. पुढं जयपुरात एका कारखान्यात खडे बसवायला शिकलो. आता पुण्यात छोटं वर्कशॉप आहे आणि सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना शिकवतो. म्हणजे अशा कार्यशाळा चालतात कशा, हे मला आतून माहीत आहे.

तुम्ही विचारलंय तीन तास की दोन दिवस. पण तासांवरून फार काही कळत नाही. तुम्हाला नेमकं काय हवं आहे, त्यावर सगळं आहे. सहलीची आठवण म्हणून बोटात एक अंगठी हवी असेल, तर कुठलीही बरी कार्यशाळा चालेल. पण धातू तापतो कसा, वळतो कसा, जोड बसतो कसा हे हाताला कळावं असं वाटत असेल, तर पैसे भरण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: "डाग देताना गॅसची फुंकणी कुणाच्या हातात असते?" (डाग म्हणजे जोड सांधायला वितळवतात तो मिश्रधातू.) उत्तर "आमचे कारीगर करून देतात, तुम्ही बाकीचं करा" असं आलं, तर तिथं तुम्ही कानस घासणार, थोडं ठोकणार, फोटो काढणार आणि घरी येणार. त्यातही मजा आहे, पण त्याचे पैसे त्या हिशेबानंच द्यावेत. "पहिला आम्ही दाखवतो, दुसरा तुम्ही करता" असं म्हणाले, तर ती जागा शिकवणारी आहे, मग ती तीन तासांची का असेना.

इतका आग्रह का धरतोय, ते जोडकाम जवळून पाहिलं की कळेल. चांदीची पट्टी वाकवून दोन टोकं एकमेकांना भिडवली. मधून उजेड दिसता कामा नये, कारण डाग फट भरून काढत नाही, तो फक्त भिडलेल्या जागेत शिरतो. त्यावर पाण्यात उगाळलेला टाकणखार लावायचा (जयपुरात सुहागा म्हणतात) आणि डागाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा ठेवायचा. आता आच. नवखा माणूस ज्योत थेट जोडावर धरतो, आणि इथंच चुकतं. चांदी उष्णता इतक्या झपाट्यानं पसरवते की जोड एकटा तापतच नाही, आधी अख्खी अंगठी तापवावी लागते. ज्योत गोल फिरवत राहायची. टाकणखार पहिल्यांदा पांढरा फुगतो आणि डागाचा तुकडा हमखास जागचा हलवतो, तो चिमट्यानं परत सारायचा. मग टाकणखार बसतो, काचेसारखा पातळ होतो. चांदीवर मंद लाली चढते, जी भर उन्हात दिसतच नाही. म्हणून जोडकामाची जागा जरा अंधारी ठेवतात. आणि मग एका क्षणी तो तुकडा वितळून जोडातून सरळ चमकत धावतो. तिथंच ज्योत उचलायची. शुद्ध चांदी 961 अंश सेल्सिअसला वितळते, पण आपण वापरतो त्या 92.5 टक्केवाल्या स्टर्लिंगमध्ये तांबं असतं, त्यामुळं ती 800 च्या जरा पुढंच ढासळायला लागते. कडक डाग, म्हणजे सगळ्यांत जास्त आचेला वितळणारा, वाहतो तो त्याच्या थोडासाच खाली. दोन्हींत अंतर एवढं कमी, की आणखी दोन श्वास ज्योत धरली तर अंगठीचा गोळा.

हे कितीही व्हिडिओ पाहून येत नाही, आणि एकदा स्वतः केलं की विसरतही नाही. बाकी सगळी कामं घरी बसून जमवता येतात. गॅसची फुंकणी मात्र शिकवणारा शेजारी उभा असतानाच पहिल्यांदा हातात घ्यावी. त्यामुळं परगावी जाऊन पैसे मोजायचेच, तर याचे मोजावेत.

आता वेळेचा हिशेब. साधी, बिनखड्याची, वरून ठोक्यांची नक्षी असलेली अंगठी नवख्याला तीन तासांत पूर्ण स्वतःच्या हातानं करता येते. पट्टी मोजणं, कापणं, तापवून मऊ करणं, वळवणं, एक जोड, काळपटपणा जायला आम्लातून काढणं, दांड्यावर गोल करणं, ठोकणं, पॉलिश. दमछाक होते, पण होतं. खडा आला की प्रकरण बदलतं. खड्याभोवती उभी राहणारी पातळ पट्टी, ज्याला सगळे बेझल म्हणतात, ती खड्याच्या मापानं वळवायची आणि जोडायची. मग ती तळाच्या पत्र्यावर झाळायची, मग ते सगळं अंगठीच्या कडीवर झाळायचं. म्हणजे जोड एकाचे चार होतात, आणि प्रत्येक पुढच्या जोडाला आधीचा सुटणार नाही अशी आच सांभाळायची. म्हणून डाग कडक, मध्यम, नरम असे उतरत्या क्रमानं वापरतात. एवढं नवख्याकडून तीन तासांत होणं शक्य नाही. म्हणून "तीन तासांत खड्याची अंगठी" अशी जाहिरात असेल, तर बेझल आधीच तयार असणार, किंवा अंगठी साच्यात ओतून आणलेली असणार, आणि तुम्ही फक्त खडा दाबून बसवणार. ही फसवणूक नाही, पण आधी सांगायला हवं. बरेच जण सांगत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

तर माझं मत असं: तुमच्या चार दिवसांपैकी दोन या कामात गेलेले चालणार असतील आणि फुंकणी तुमच्या हातात देणार असतील, तर दोन दिवसांची घ्या. आमेर, हवामहल, जंतरमंतर उरलेल्या दोन दिवसांत घाईत का होईना उरकतं. मुलीला किल्ले बघायचे असतील आणि हौस तुमची एकटीची असेल, तर तीन तासांची घ्या, पण बिनखड्याची. खडा घालायचा मोह तिथं टाळा. अर्ध्या दिवसात खडा घालायला गेलात की अंगठीही दुसऱ्याच्या हातची होते आणि खडाही.

आता पाचू. पाचू कठीण असतो, मोहसच्या दहापर्यंतच्या मापावर साडेसात ते आठ, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. त्याच्या पोटात जवळजवळ नेहमीच जाळ्या असतात, बारीक भेगा असतात, आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंत तेल किंवा राळ भरलेली असते. ही बाजारातली सर्रास आणि मान्य पद्धत आहे. आता त्याच्यावर काय काय येतं बघा. बेझल दाबताना एका बाजूला जास्त जोर गेला, तर भेग पुढं सरकते. चौकोनी घाटाचा असेल तर कोपरा उडतो. पॉलिशच्या चाकावर दागिना तापतो. शेवटी सफाईला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकला तर तेल निघून येतं आणि काल हिरवागार दिसणारा खडा आज धुरकट दिसतो. मुरलेले कारीगरसुद्धा पाचू हातात घेतला की बोलायचे थांबतात. तुमच्या पहिल्या अंगठीत सासूबाईंचा पाचू नको.

दुसरं कारण नाजूक आहे. वर्गात खडा चार हातांतून फिरतो, पॉलिशला आत जातो, परत येतो. कुणी बदलेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण परत आल्यावर तो जरा वेगळा वाटला, आणि चांदीत बसल्यावर रंग वेगळा वाटतोच, तर मनात आलेली शंका आयुष्यभर जात नाही. घरच्या खड्याचं काम आपल्या गावातल्या, घराण्याच्या ओळखीच्या सोनाराकडं, समोर बसून करून घ्यावं.

मग पहिल्या अंगठीला कोणता खडा? घुमटासारखा वरून गुळगुळीत आणि खालून सपाट, म्हणजे कॅबोशॉन. पैलू पाडलेला नको, त्याला खाली जागा लागते आणि माप काटेकोर लागतं. आकार गोल किंवा लंबगोल, आठ ते दहा मिलिमीटर, कडा फार पातळ नसलेला. जात म्हणाल तर हकीक (अगेट), कार्नेलियन, ॲमेथिस्ट, गार्नेट. यांची कठीणता सातच्या आसपास, कानस चुकून घासली तरी लगेच ओरखडा उठत नाही. हकीक तर आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातच जन्मतो, आणि त्याला घाट देण्याचं काम खंभातला शतकानुशतकं चाललेलं आहे. गार्नेट राजस्थानात टोंक जिल्ह्यात निघतो, जयपूरवाले त्याला तामडा म्हणतात. गडद लाल तामडा आणि जरा काळवंडवलेली चांदी, हे जोडपं मला स्वतःला फार आवडतं.

फिरोजा, ओपल, मॅलाकाइट, मोती, पोवळं हे दिसायला गोड, पण पहिल्या कामाला नकोत. मॅलाकाइट आणि मोती आम्लाला टिकत नाहीत, ओपलला उष्णतेचा धक्का सोसत नाही, फिरोजा रंग बदलतो. मूनस्टोन दोन दिवसांच्या वर्गात चालेल, पण त्याला सरळ चिरण्याची खोड आहे. हलका हात हवा.

खडे जयपुरात स्वस्त मिळतील का? विविधता मिळेल. शहर वसलं 1727 मध्ये, सवाई जयसिंहांनी वसवतानाच जव्हेऱ्यांना जागा दिली, आणि आज रंगीत खड्यांना घाट देण्याच्या धंद्यात जयपूरचं नाव जगभर आहे, पाचूसाठी तर विशेष. जोहरी बाजार, त्याला लागून गोपालजी का रास्ता, आणि एमआय रोडवरचं चमेलीवाला मार्केट, इथं फिरलात तर खड्यांच्या पुड्या बघता बघता दुपार जाईल. पण जिथं कच्चा माल घाऊक येतो तिथं रंगवलेला, भरलेला, कृत्रिम मालही घाऊकच येतो. फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट हा पांढरा दगड, माणिक म्हणून काच भरलेला माणिक, हे रस्तोरस्ती आहे. हकीकसुद्धा बरेचदा रंगवलेला असतो. त्याचं मला वावगं वाटत नाही, फक्त तसं सांगून त्या भावानं द्यावा. भाव विचारताना कॅरेटमध्येच विचारा. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्यात घोळ नाही. "रत्ती" म्हटलं की घोळ सुरू: सोनाराची रत्ती साधारण 121 मिलिग्रॅमची, आणि राशीचे खडे विकणाऱ्याची 180 च्या आसपास. एकाच दुकानात दोन्ही ऐकू येतात.

आणि एक साधा नियम पाळा. कार्यशाळा जिथं, तिथंच महाग खडा घेऊ नका. वर्ग संपताना अंगठी छान झालेली असते, शिकवणारा दोन दिवसांत ओळखीचा झालेला असतो, आणि तेवढ्यात कपाटातून मखमलीचा ट्रे बाहेर येतो. माझ्या ओळखीत चांगले, शिकलेले लोक त्या क्षणी नीलम घेऊन आले आहेत. शिकायचे पैसे शिकायला, खड्याचे पैसे खड्याला, आणि ते प्रयोगशाळेचा दाखला हातात आल्यावर. जयपुरात खडे तपासणारी आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे, काही हजारांच्या वरचा खडा घेताना तिथली वाट वाकडी करायला हरकत नाही. वर्गातल्या अंगठीसाठी मात्र शंभर-दोनशेंचा कॅबोशॉन पुरे. दोन घ्या, एक फुटेल म्हणून.

चांदीबद्दल विचारायचं ते एवढंच: पत्रा आणि तार 925 ची आहे का, आणि शुल्कात किती ग्रॅम धरली आहे. साध्या अंगठीला पाच ते आठ ग्रॅम लागते. त्याच्या वर गेलं तर जादा भाव कसा लावणार, हे आधी ठरवा. चांदी हल्ली ज्या वेगानं चढउतार करते, त्यात हा मुद्दा मागाहून काढला की तोंड कडू होतं. काही ठिकाणी सरावाला जर्मन सिल्व्हर किंवा पितळ देतात. सरावाला ते उत्तमच, फक्त जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो हे ठाऊक असू द्या. आणि तुम्ही केलेल्या अंगठीवर हॉलमार्क नसेल, त्याची अपेक्षाही ठेवू नका.

मुलीचं. पंधरा वर्षांची मुलगी हे काम सहज करेल, बरेचदा आईपेक्षा बरं करते, कारण तिला बिघडण्याची भीती कमी असते. दोघींना एकाच बाकावर, पण वेगवेगळी अंगठी करायला बसवा. एकीची अंगठी दोघींनी केली की भांडण ठरलेलं. आरीचं पातं पटकन तुटतं, पहिल्या दिवशी तर तुटतच राहतं, तिला ते आधीच सांगून ठेवा. पात्याचे दात खाली, मुठीकडे असावेत, आणि ताण असा हवा की नखानं छेडलं तर "टिंग" वाजलं पाहिजे. "थड" वाजलं तर पुन्हा आवळायचं. कापताना जोर द्यायचा नाही, खाली येताना पातं आपोआप कापतं. जोर देणाऱ्यांची पाती जास्त तुटतात, आणि जोर देणारे बहुतेक वेळा पुरुष असतात, असो.

कपडे सुती घाला. नायलॉनचं जॅकेट किंवा झुळझुळीत ओढणी गॅसजवळ नको. जयपूरला डिसेंबरात चांगलीच थंडी असते, म्हणून लोकरीचा स्वेटर चालेल, बाह्या वर सरकवून. केस बांधलेले, गळ्यातली साखळी काढलेली. पॉलिशच्या चाकाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, चाक हातमोजा ओढून घेतं आणि सोबत बोट. डोळ्यांना चष्मा हवाच. तो देत नसतील, किंवा जोडकामाच्या खोलीला खिडकी-पंखा नसेल, तर उठून या. डाग कॅडमियमचा नाही ना, हेही विचारा. कॅडमियम स्वस्त आहे, छान वाहतं, आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक आहे. लहान कारखान्यांत अजून सापडतं. चांगल्या शिकवणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही. आला तर उत्तर मिळालं असं समजा.

बोटाचं माप सकाळी थंडीतून आत आल्याआल्या देऊ नका. बोट तेव्हा आकसलेलं असतं, दुपारी अंगठी निघत नाही. थोडं काम करून हात गरम झाल्यावर मोजा, आणि पट्टी रुंद असेल तर एक माप मोठं घ्या. लांबीचं गणित सोपं आहे: आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले 3.14. व्यास साडेसोळा, जाडी दीड मिलिमीटर, तर पट्टी साडेछप्पन्न. जाडी धरायची राहून गेली की अंगठी चांगलीच लहान होते, आणि शिकवणारा नेमका त्याच वेळी चहा प्यायला गेलेला असतो.

तारखा ठरवताना एक बघा. जयपूर ज्वेलरी शो डिसेंबरातच असतो, त्याच्या आगेमागे शहरातले चांगले हात ऑर्डरीत बुडालेले असतात आणि वर्गात तुमच्यासमोर नवशिका पोरगा येऊ शकतो. नेमकं कोण शिकवणार आहे, हे विचारून घ्या. रविवारी जोहरी बाजारातली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळं रविवार वर्गाला आणि खड्यांची खरेदी वर्गाच्या आदल्या दिवशी, असं बसवता आलं तर उत्तम. खडा आधी हातात असला की बेझल त्याच्या मापानं करता येतं. उलटं जमत नाही.

कुंदन-मीनाकारीची "दोन तासांत शिका" अशी पाटी दिसली तर प्रात्यक्षिक म्हणून जरूर बघा. शुद्ध सोन्याचा वर्ख खड्याभोवती सळईनं दाबत बसवणारा हात बघण्यासारखाच असतो. पण ते दोन तासांत शिकण्याची गोष्ट नाही, तिथं पैसे बघण्याचे द्या. परत आल्यावर हौस टिकली आणि पुढं शिकावंसं वाटलं, तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी जयपुरात आहे तशी मुंबईतही आहे.

परतीच्या विमानात, वर्गातून किंवा बाजारातून आरी, पाती, कानशी, पकडी घेतल्या असतील तर त्या चेक-इन बॅगेत टाका, हाताशी ठेवल्यात तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील. गॅसची फुंकणी, गॅसचा डबा आणि आम्ल मात्र कुठल्याच बॅगेत नको, ते इथं पुण्या-मुंबईत मिळतं. टाकणखारसुद्धा तिकडून आणायची गरज नाही. विमानतळावर पांढऱ्या पावडरीची पुडी काय आहे हे समजावत बसावं लागेल, आणि इथं तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.